नळाच्या डाव्या हाताला

गेल्या आठवड्यात मी हरवलो. तेही मुलाच्या सोसायटीच्या बागेत, पुण्यात. बाग एवढीशी, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल काढतो. फरशीवर बाण रंगवलेले, दर वळणाला पाटी. तरी मी तीनदा त्याच कारंज्यापाशी उगवलो. शेवटी गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाईंनी माझा हात धरून मला बी विंगच्या लिफ्टपर्यंत आणलं आणि इंटरकॉमवरून सूनबाईला कळवलं, "आजोबा सापडलेत."

मला हरवल्याचं काही वाटलं नाही. ती माझी जुनी सवय आहे. हात धरून आणल्याचं मात्र लागलं. कचरूनाना तिथं असते तर त्यांनी बाईंच्या देखत माझ्यावर शेरा मारला असता, "पत्ता अपुरा."

कचरूनाना तुपे हे निवृत्त पोस्टमन. आमच्या जुन्या शहरात, गारखेडा भागात, दोन खोल्यांचं घर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन पुण्याला. अंगानं बारीक, उन्हानं तांबूस काळे. नोकरी सुटली तरी खांद्यावरची खाकी पिशवी सुटली नव्हती. तिच्यात आता शेंगदाणे, पाण्याची बाटली आणि बाराही महिने छत्री असायची. नाना माणसांवर टपालाचे शेरे मारायचे. डोकं चालत नसलेला माणूस म्हणजे 'पत्ता अपुरा'. कुणाचं ऐकून घेत नसेल तर 'घेण्यास नकार'. आमच्या फिरणाऱ्या मंडळींतले एक अप्पा तोंड चुकवून जायचे, ते 'घर बंद'. आणि कुणी वारलं की नाना टोपी काढून म्हणायचे, "मालक गाव सोडून गेले."

आमची ओळख माझ्या एका पराक्रमामुळे झाली.

मीही निवृत्तच. सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचो. उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज नोंदवण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर स्वतः अर्ज करण्याची जबर भूक लागली होती. गारखेड्याजवळच्या मोठ्या बागेत मी सकाळी फिरायला जायचो आणि येताना एखादा अर्ज टाकून यायचो. बागेच्या ऑफिसनं त्या काळात एक नवी टूम काढली. बागेत तीन वाटा आखायच्या: निळी पाखरांची, पिवळी फुलांची, हिरवी झाडांची. जमिनीवर त्या त्या रंगाचे बाण, ठिकाणठिकाणी लोखंडी खांबावर उठावाचे नंबर, नंबराखाली माहितीची पाटी. लोकांनी गेटवर कागद घ्यायचा आणि कुणाला काही न विचारता आपलं आपण फिरून यायचं. हिरवी वाट आखायचं काम मी अर्ज करून मागून घेतलं. साहेबांनी ते लगेच दिलं. तेवढे दिवस मी दुसरे अर्ज करणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

मी नकाशा हातात धरून, रंगाऱ्याला पुढं घालून दोन दिवसांत बाण मारले. नकाशा उलटा धरला होता, हे मला पुढं कळलं.

उद्घाटनानंतरच्या रविवारी वैजापूरहून एक कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, सासूबाई आणि डबा. मी मुद्दाम हिरव्या वाटेवर रेंगाळत होतो, कुणी कौतुक केलं तर हाताशी असावं म्हणून. नवऱ्यानं मला गाठलं.

"काका, हितं लई चार नंबर हायेत का वो?"

"एकच आहे. का?"

"मंग आमी तिसऱ्यांदा आलो म्हना की! आई, बस खाली. डबा सोड."

खांबाशेजारच्या बाकावर एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता. तो हसून हसून ठसकला. मग छत्रीच्या टोकानं त्यानं त्या मंडळींना वाट दाखवली. "ह्या बाणाकडं बघू नका. समोर वाकडी शेवरी हाय, तिच्या मागं चला. दोन जांभळी जोडीनं उभ्या हायेत, त्यांच्या मधून निघा. म्होरं कुत्रं झोपलेलं आसंल. त्याला ओलांडलं की गेट."

ते गेल्यावर म्हातारा माझ्याकडं वळला.

"ही वाट तुमची व्हय?"

"हो," मी म्हणालो. नाइलाज होता, पाटीवर माझं नाव होतं.

"लई भारी. सकाळपासनं बसलोय. आत आलेला मानूस भाईर जाईना. आशी वाट आमच्या पोस्टात आसती ना, तर एक बी पत्र गहाळ झालं नसतं. सगळी हितंच सापडली असती."

त्या दिवसापासून आम्ही रोज बरोबर फिरू लागलो. नानांना झाडांची पुस्तकातली नावं येत नव्हती. पत्ते मात्र पाठ होते. 'वाकड्या शेवरीच्या मागं, उजवीकडून दुसरी चिंच, भाडेकरू पोपट.' ओळखीचं झाड आलं की ते जुन्या सवयीनं हाळी द्यायचे, "पोस्ट!" फिरायला आलेल्या बायका दचकायच्या. झाडं दचकत नव्हती, एवढं मी पाहिलं आहे.

माझं काम याच्या उलट. मी पुस्तकं वाचून पाट्या लिहिल्या होत्या. एका झाडाखाली चार ओळी लिहिल्या, बेलाच्या, माहात्म्यासकट. श्रावणात एका आजीबाईंनी त्या झाडाची फांदी वाकवली, पानं मोजली आणि मला जोरात विचारलं, "काय हो, हा पाच पानांचा बेल कुठल्या महादेवाचा म्हणायचा?"

नाना शेजारीच होते. त्यांनी एक पान चुरगळून माझ्या नाकाखाली धरलं.

"काय येतंय?"

"बडीशेप?"

"मंग? कवठ हाय त्ये. नाक शिल्लक ठेवलंय देवानं, वापरा की."

पाटी बदलायला मी रीतसर अर्ज केला. तो मंजूर झाला नाही. ते कवठ आजतागायत बेल म्हणून उभं आहे.

नाक वापरा, असं नाना नुसतं गमतीनं म्हणत नव्हते, हे मला दिवाळीच्या आधी कळलं. एका सकाळी ते माझ्या उजव्या बाजूनं चालता चालता सरळ येऊन मला धडकले. मी हसलो. ते हसले नाहीत. बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू. कडेचं आधीच गेलं होतं. आता समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू तेही जाईल.

"सुनंदा आलीय," ते म्हणाले. "म्हनती, पुण्याला चला. तितं समदं हाय. लिफ्ट हाय, बाई हाय, हात धरून फिरवायला मानूस ठेवती म्हनती. हात धरून! साळवेसायेब, मी उभ्या शहराला दारं दाखवली. मला हात धरून न्यायचं?"

"मग काय ठरलं?"

"पैज ठरली." त्यांचा चेहरा एकदम खोडकर झाला. "तिला म्हनलं, डोळं बांधून ही बाग एकटा पार करतो. म्होरल्या गेटातून आत, मागल्या गेटातून भाईर. कुनी हात लावायचा नाय, कुनी सांगायचं नाय. जमलं तर मी गारखेड्यात ऱ्हातो. नाय जमलं तर तुझ्या लिफ्टमधी येऊन बसतो. आठ दिसांची मुदत घेतलीय."

म्हणजे नानांनी आपलं घर पणाला लावलं होतं.

पुढचे आठ दिवस नानांनी स्वतःची वाट बसवली. तिला रंग नव्हता की पाटी नव्हती. म्होरल्या गेटावर वॉचमन खलीलभाईंचा रेडिओ. तिथून सरळ, नळ ऐकू येईपर्यंत. तो नळ मी बागेत आल्यापासून गळत होता. टप, टप, टप. नळाच्या डाव्या हाताला वळायचं. तिथं एक सैल ब्लॉक होता, पाय पडला की 'खडक्' करायचा. तो वाजला म्हणजे वाट बरोबर. मग पालापाचोळ्याचा खड्डा, त्याचा आंबट कुजका वास आला की उजवीकडं. पुढं बाकावर महागाईवर भांडणारे म्हातारे, ते कधी गप्प बसत नसत. त्यांचा आवाज डाव्या हाताला ठेवून सरळ मागलं गेट.

"पावलं का मोजत नाही?" मी विचारलं.

"पावलं मोजनाऱ्याला मधीच कुनी रामराम घातला की आकडा जातो. नळ बघा, त्याला कुनी रामराम घालत नाय."

रुमाल बांधून त्यांनी चार-पाचदा तालीम केली. एकदाही चुकले नाहीत. मी मागून टाळ्या वाजवायचो. आता मला वाटतं, मी टाळ्या वाजवत होतो त्या वेळात थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

कारण आठ महिन्यांपूर्वी, नानांची ओळख व्हायच्या आधी, मी बागेच्या ऑफिसला एक अर्ज दिला होता. अकरा मुद्द्यांचा. मुद्दा दोन, नळाची गळती. मुद्दा पाच, सैल ब्लॉकमुळे ज्येष्ठ नागरिकांस होणारा धोका. मुद्दा सहा, पालापाचोळ्याच्या खड्ड्याची दुर्गंधी. माझ्या हयातीत माझ्या कुठल्याही अर्जावर काही घडलेलं नव्हतं, म्हणून मी तो विसरूनही गेलो होतो.

पैजेच्या सकाळी मी लवकर पोचलो. बागेचे मुकादम हसत समोर आले.

"साळवेसायेब, पेढे काढा! तुमच्या अर्जाचं काम झालं. काल दिवसभर मानसं लावली. सही करा हितं."

मी कागदावर सही केली. 'काम समाधानकारक झाले आहे.' खाली तारीखही घातली. मग वर वाचलं.

नळ नवा, चकचकीत, मुका. ब्लॉक सिमेंटनं बसवलेला. खड्डा बागेच्या दुसऱ्या टोकाला हलवलेला, त्या जागी गुलाबाची रोपं. बागेचा तेवढा भाग एका दिवसात आदर्श करून टाकला होता, आणि तोही माझ्या नावानं.

आता कुणीही शहाणा माणूस गेटावर थांबला असता आणि नानांना म्हणाला असता, "नाना, घोटाळा झालाय, आज नको." मला लाज वाटली. शिवाय माझ्या डोक्यात एक युक्ती आली. माझ्या डोक्यात युक्ती येते तेव्हा आमच्या घरातले लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात, पण त्या सकाळी तिथं घरातलं कुणी नव्हतं.

मी पाण्याची बाटली घेतली, वळणावरच्या कण्हेरीमागं उकिडवा बसलो आणि थेंब थेंब पाणी खालच्या दगडावर सोडू लागलो. टप, टप, टप. नळ मीच झालो होतो.

झुडपामागं उकिडवा बसलेला, हातात पाण्याची बाटली घेतलेला म्हातारा लोकांना कसा दिसतो, याचा विचार मी केला नव्हता. दोन बायका नाकाला पदर लावून गेल्या. 'घर बंद' अप्पा त्या वर्षात प्रथमच माझ्याशी आपणहून बोलले, "साळवे, काही औषध घेताय का?" आणि मग रेडिओ बंद करून खलीलभाई गेटावरून ओरडले,

"अरे ओ चच्चा! संडास उधर है ना! इधर कायको बैठे?"

मी हातानं त्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांनी तिचा भलताच अर्थ घेतला आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. सभ्य माणूस.

तेवढ्यात नाना आले. डोळ्यांवर रुमाल, खांद्याला पिशवी, हातात छत्री. सुनंदा त्यांना आत सोडून बाहेरच्या रस्त्यानं मागल्या गेटाकडं निघून गेली होती. नाना सरळ चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. मान तिरकी करून ऐकलं. उकिडवं बसून मी दमलो होतो, त्यामुळं थेंब कधी दोन एकदम पडत, कधी पडायचेच राहात. नानांनी छत्री जमिनीवर टेकवली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग ते डावीकडं वळले आणि गेले.

मी समाधानानं उठलो. कंबर धरून इकडंतिकडं पाहिलं आणि पाहतो तर नवा चकचकीत नळ पुढच्या वळणावर होता. मी एक वळण अलीकडं बसलो होतो. नाना गेले त्या वाटेवर माझाच हिरवा बाण रंगवलेला होता.

मी मागल्या गेटाकडं धावलो. म्हणजे मधे एकदा चार नंबरपाशी जाऊन, मग धावलो. सुनंदा तिथं कठड्याला धरून उभी होती. तिची नजर वाटेवर होती.

"काका, बाबा कुठायत? केव्हाचे निघालेत."

मी तिला सगळं सांगितलं. अर्ज, अकरा मुद्दे, सही, कण्हेर, बाटली. ती ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या आंधळ्या बापाला तुम्ही..." आणि चपला हातात घेऊन आत पळायला निघाली.

"पोस्ट!"

आवाज भलत्याच बाजूनं आला. जोडजांभळींच्या मधून नाना येत होते. रुमाल जागेवर. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीत काटकी अडकलेली, आणि हातात चुरगळलेली पानं. गेटाच्या लोखंडी पट्टीला छत्री लागली तसे ते थांबले.

"कोन हाय हितं? सुनी?"

"बाबा, तुम्ही वाट चुकलात," सुनंदा म्हणाली. तिला धाप लागली होती.

"चुकलो की."

"मग?"

"मग काय? छत्री खांबाला लागली, ठन्न झालं. हात लावला तर चार नंबर! म्हनलं, आपन साळवेसायेबाच्या वाटंत घावलो, आता डोकं वापरल्याशिवाय सुटका नाय. मंग वास घेत घेत सायेबाचा बेल हुडकला." त्यांनी हातातली पानं तिच्या नाकाखाली धरली. "त्याचा पत्ता मला ठावा हाय. तितून वाकडी शेवरी, शेवरीमागनं हितं. नोकरीत काय रोज नीट पत्ते मिळत व्हते व्हय? निम्मी पत्रं चुकीच्या दारावरनंच बरोबर दारावर न्हेली."

सुनंदानं रुमाल सोडला. ते डोळे मिचकावत नळीतून तिच्याकडं बघत राहिले. तिनं त्यांच्या टोपीतली काटकी काढली. बसवलेल्या वाटेवरून ते झटक्यात आले असते तर तिनं पैज मानली असती की नाही, मला शंका आहे. पाठ केलेली वाट कुणीही चालेल, असं म्हणाली असती. पण ते खरोखर चुकले होते आणि खरोखर आले होते, आणि मी त्याचा साक्षीदार, खरं तर आरोपी, तिथंच उभा होतो.

"एक किल्ली शेजारी ठेवायची," ती शेवटी म्हणाली. "आणि रोज रात्री जेवल्यावर फोन."

"ठेवतो. करतो," नाना म्हणाले आणि पिशवीतून तिला शेंगदाणे दिले.

परत जाताना मी त्यांना हळूच विचारलं, "नाना, तुम्हाला कळलं नाही का, की नळ मी आहे?"

"कळलं की. नळ कधी दमत नाय. तुमचा नळ मधी थांबून हुश्श करत व्हता."

"मग वळलात कशाला?"

"म्हनलं, सायेब एवढे बसलेत, तर काहीतरी बघूनच बसले आसतील." ते थोडं चालले. "ती चूक माझी."

तेव्हापासून त्यांनी मला 'नळसायेब' केलं. सगळ्या बागेनं केलं. मुकादमसुद्धा.

सुनंदानं पुण्याला जाण्यापूर्वी मला बाजूला घेतलं. "काका, रोज सकाळी त्यांच्या मागं दहा पावलं राहाल? त्यांना कळू न देता." मी शब्द दिला. दुसऱ्या दिवसापासून रबरी तळव्यांचे बूट घालून मी त्यांच्या मागं श्वास रोखून चालू लागलो. महिनाभर गेला. आपण बेमालूम हेरगिरी करतोय, असं मला वाटत होतं. एके सकाळी नानांनी तीन वळणं झपाझप घेतली, मी मागं, आणि एकदम नाना नाहीतच. मी चार नंबरपाशी दोनदा आलो. घामाघूम होऊन मागल्या गेटाला पोचलो, तर ते कठड्यावर शेंगा सोलत बसले होते. माझ्याकडं तोंडही न वळवता म्हणाले,

"नळसायेब, लई लांब ऱ्हाता. दहा पावलं सांगितली व्हती ना तिनं?"

त्यांची नजर पुढच्या दोन वर्षांत गेली. पूर्ण गेली. मी माझी दहा पावलं राखली. आता त्यांना कळू न देण्याचं नाटक आम्ही दोघंही करत होतो.

मग झालं काय, की पुण्याला मीच आलो. माझा बीपी एकदा वर गेला, बाथरूममध्ये घसरलो, मुलगा गाडी घेऊन आला. मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. तरी मला पैज लावायला कुणी सांगितलं नाही, आणि लावली असती तर मी हरलो असतो.

निघायच्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो. नाना नेहमीसारखे आले. खलीलभाईंच्या रेडिओला छत्री उंचावून सलाम केला, सरळ गेले. मी मागं. नव्या नळापाशी ते थांबले आणि मान तिरकी केली. मीही थांबलो.

टप.

बऱ्याच वेळानं पुन्हा, टप.

नाना हसले. अगदी लहान, आतल्या आत.

"नळसायेब," ते पुढं बघतच म्हणाले, "जाता जाता येवढं एक करा. अर्ज करू नका."

मी बरं म्हणालो. ते डावीकडं वळले. मी वळलो नाही, रस्त्यावर मुलाची गाडी हॉर्न वाजवत होती. दहा पावलं झाली, वीस झाली, तीस झाली. कुणी मागं नाही, हे त्यांना तिसऱ्या पावलालाच कळलं असणार. ते थांबले नाहीत. चिंचेपाशी पोचल्यावर त्यांनी छत्री एकदा वर केली, "पोस्ट!" म्हणाले, आणि झाडामागं दिसेनासे झाले.